पाठ फिरवून दिलेलं मत

२०२४च्या लोकसभा निवडणुकीची गोष्ट. मामूंना मतदानाला घेऊन जायचं काम माझ्याकडे होतं. मामू म्हणजे अम्मीचे थोरले भाऊ. लहानपणी देवीच्या साथीत त्यांचे दोन्ही डोळे गेले. पुढे अंधशाळेत ब्रेल शिकले, सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून आयुष्यभर नोकरी केली आणि मानाने निवृत्त झाले. रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्या ऐकल्याशिवाय त्यांचा चहा होत नाही. कोणता उमेदवार कुठे काय बोलला, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आमच्या मोहल्ल्याचं मतदान केंद्र उर्दू शाळेत असतं. फाटकापाशी फुग्यांची कमान, एक ‘सेल्फी पॉइंट’ आणि व्हीलचेअर घेऊन उभी असलेली कॉलेजची दोन मुलं. मामूंच्या हातातली पांढरी काठी दिसताच मुलं धावत आली. “बसा बाबा, आम्ही नेतो.” मामू म्हणाले, “बेटा, आँखें गयी हैं, पाँव सलामत हैं.” मुलं चांगली होती, वरमली. पण तेवढ्यात कुणीतरी मोबाईलवर फोटो काढलाच. मागे फुगे, पुढे व्हीलचेअर, शेजारी काठी टेकून उभे मामू. कुठल्या तरी ग्रुपवर तो ‘सुलभ निवडणूक’ म्हणून फिरला असेल.

आत गेल्यावर मामूंनी ब्रेलमधली मतपत्रिका मागितली. टेबलामागची माणसं एकमेकांकडे बघू लागली. केंद्राध्यक्षांनी दोन पाकिटं उलटीपालटी केली आणि म्हणाले, “आली नसेल. सोबत कोण आहे? ते दाबतील ना बटण.” रांग लांब होती, ऊन वाढत होतं. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला एका पक्षाचा पोलिंग एजंट मोठ्याने म्हणाला, “चाचांचं मत कुणाला, ते अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. द्या दाबून!” सगळे हसले. मामू हसले नाहीत.

मी सोबती म्हणून प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि आम्ही दोघं पुठ्ठ्याच्या आडोशाला गेलो. मामू हळू आवाजात म्हणाले, “अब तू पीठ फेर ले.” मी पाठ फिरवली. उमेदवाराचा अनुक्रमांक त्यांनी घरूनच पाठ करून आणला होता. यंत्रावरच्या बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात, ते त्यांनी बोटांनी चाचपले आणि बटण दाबलं. लांब बीप वाजला. मग त्यांनी विचारलं, “चिठ्ठीवर काय आलं?”

मी वळलो, तोवर व्हीव्हीपॅटची काच रिकामी झाली होती. चिठ्ठी फक्त सात सेकंद दिसते. ते सात सेकंद मी त्यांच्याच सांगण्यावरून भिंतीकडे बघत होतो. मी चिठ्ठी पाहिली असती, तर त्यांचं मत गुप्त राहिलं नसतं. मी पाहिली नाही, तर त्यांचं मत बरोबर पडलं की नाही, हे सांगणारं कुणी नव्हतं. घरी परतताना मामू एवढंच म्हणाले, “बटन तो मैंने दबाया. वोट किधर गया, अल्ला जाने.”

हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे.

हक्क कशाचा?

अपंग मतदारांविषयी आपण जे काही बोलतो, ते ‘केंद्रापर्यंत आणणं’ या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं. रॅम्प, व्हीलचेअर, रिक्षा, वेगळी रांग. या सोयी हव्यातच. त्यासाठीही अपंगांच्या संघटनांना २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं होतं, आणि न्यायालयाने सांगितल्यावर मतदान केंद्रांवर लाकडी उतार दिसू लागले. पण माणसाला केंद्रापर्यंत आणणं म्हणजे मताधिकार नव्हे. मताधिकार म्हणजे स्वतःचं मत, स्वतःच्या हाताने, कुणालाही न कळता देणं आणि ते तसंच पडलं याची खात्री करून घेणं. या चार गोष्टींपैकी डोळस माणसाला चारही मिळतात. मामूंना त्या दिवशी तीन मिळाल्या, त्याही भांडून.

गुप्त मतदान ही काही शोभेची बाब नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये मतदानाची गुप्तता राखण्यासाठी कलम १२८ आहे. त्याच कायद्याचं कलम ९४ सांगतं की, तुम्ही कुणाला मत दिलं हे सांगायला कुणीही तुम्हाला भाग पाडू शकत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यंत्रावर ‘नोटा’चं बटण आणायला लावलं, त्यामागेही गुप्ततेचाच मुद्दा होता. ज्याला एकही उमेदवार नको, त्याची ओळख रजिस्टरवर उघडी पडू नये म्हणून. म्हणजे कुणालाच मत न देणाऱ्याची गुप्तता जपायला या देशाने यंत्रात बटण वाढवलं. ज्याला मत द्यायचं आहे, पण दिसत नाही, त्याच्या गुप्ततेसाठी मात्र आपल्याकडे एक पुतण्या, एक भाचा किंवा एक एजंट पुरेसा ठरतो.

पुढचा दाखला अधिक बोलका आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, कागदी पुरावा ही मुक्त आणि निष्पक्ष निवडणुकीची अपरिहार्य गरज आहे. त्यानंतर एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे सोळा लाख व्हीव्हीपॅट यंत्रांसाठी ३,१७३ कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. २०१९च्या लोकसभेला ही यंत्रं देशातल्या प्रत्येक केंद्रावर होती. आता दुसरी तारीख बघा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ अमलात आला, तोही १९ एप्रिल २०१७ रोजी. या कायद्याचं कलम ११ साफ शब्दांत सांगतं की, सगळी मतदान केंद्रं अपंगांसाठी सुगम असतील आणि निवडणूक प्रक्रियेशी संबंधित सगळं साहित्य त्यांना समजेल आणि वापरता येईल असं असेल. ही जबाबदारी भारत निवडणूक आयोगाची आणि राज्य निवडणूक आयोगांचीही आहे.

म्हणजे ज्या महिन्यात हा कायदा लागू झाला, त्याच महिन्यात सोळा लाख अशा यंत्रांना मंजुरी मिळाली, ज्यांचा आंधळ्या मतदाराला काडीचा उपयोग नाही. चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राने तेच नाव कानात सांगावं, एक हेडफोन जोडता यावा, एवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असेल, तर कागदावर उतरलं नाही. ‘अपरिहार्य’ हा शब्द न्यायालयाचा आहे. ज्या गोष्टीशिवाय निवडणूक निष्पक्ष होत नाही, ती आंधळ्यांना नाही. मग आंधळ्यांपुरती निवडणूक निष्पक्ष आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

सोबती नावाची पळवाट

कुणी म्हणेल, नियमात सोबतीची सोय आहे ना? आहे. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला नियम ४९-एन. मतदाराला चिन्ह ओळखता येत नसेल किंवा मदतीशिवाय बटण दाबता येत नसेल, तर अठरा वर्षांवरचा सोबती त्याच्या वतीने मत देऊ शकतो. सोबत्याला गुप्ततेची हमी द्यावी लागते आणि एका दिवसात तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. ज्यांना अशी मदत हवी आहे, त्यांच्यासाठी हा नियम गरजेचा आहे. तो काढा, असं मी म्हणत नाही.

तक्रार वेगळी आहे. हा नियम निवड म्हणून लिहिला गेला आणि केंद्रावर सक्ती म्हणून वापरला जातो. काठी दिसली की सोबती आत. ब्रेल येतं का, स्वतः द्यायचंय का, कुणी विचारत नाही. यंत्रावरचे ब्रेल आकडे काही काल आलेले नाहीत. २००४ मध्ये हैदराबादच्या आसिफनगर विधानसभा पोटनिवडणुकीत त्यांचा पहिला प्रयोग झाला आणि २००९च्या लोकसभेपर्यंत ते देशभर पोचले. ब्रेलमधली नमुना मतपत्रिकाही केंद्रावर असायला हवी, म्हणजे कोणत्या आकड्यापुढे कोणतं नाव, हे मतदाराला वाचता येईल. ती नसेल, तर १ ते १६ आकडे बोटाला लागूनही काय कळणार? २०२४ मध्ये बीड मतदारसंघात ४१ उमेदवार होते. ‘नोटा’ धरून बेचाळीस बटणं आणि तीन यंत्रं. ती यादी पाठ करून या, असं डोळस मतदाराला कुणी सांगेल का?

इंग्लंडमध्ये २०१९ साली असाच प्रश्न उच्च न्यायालयात गेला. तिथे आंधळ्या मतदाराला मतपत्रिकेवर चिकटवायची एक पट्टी दिली जात असे. खूण कुठे करायची ते तिच्यावरून कळायचं, खूण कुणापुढे होतेय ते कळायचं नाही. न्यायाधीशांनी त्याला निवडणुकीचं विडंबन म्हटलं. आपल्याकडे पत्रिका न सापडलेल्या केंद्रावर तेच विडंबन घडतं, फक्त त्याला तसं म्हणणारं कुणी नसतं.

‘विश्वासातला माणूस असेल तर बिघडतं काय?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. विचारणारे सगळे डोळस होते आणि बहुतेक पुरुष. त्यांनी जरा आपल्या घराकडे बघावं. जिची पेन्शन भाऊ उचलतो, जिला दवाखान्यात न्यायचं की नाही हे वहिनी ठरवते, त्या आंधळ्या बहिणीने आडोशात भावाला सांगायचं की, तुझ्या पक्षाला माझं मत नाही? आणि सांगितलं तरी भाऊ तेच बटण दाबेल, याचा पुरावा काय? चिठ्ठी तिला दिसत नाही. गुप्त मतदान हे परक्यांपासून जेवढं वाचवतं, त्याहून जास्त घरच्यांपासून वाचवतं. घरावर अवलंबून असलेल्या माणसाला त्याची गरज सगळ्यांत जास्त असते, आणि त्याच्याच वाट्याला ते येत नाही.

आता तो एजंट. ‘चाचांचं मत कुणाला, ते ठाऊक आहे.’ हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. मुसलमान मतदाराविषयी ते प्रत्येक निवडणुकीत बोललं जातं. ‘गठ्ठा’ म्हणतात आपल्याला. एक पक्ष तो गठ्ठा खिशात धरून चालतो, दुसरा त्याच्या नावाने इतरांना घाबरवतो. दोघांनाही आपल्यातल्या एकेका माणसाचं मत वेगळं असू शकतं, हे मान्य नसतं. याचा आपल्याला राग येतो आणि तो यायलाच हवा. मग आपल्याच घरातल्या आंधळ्याचं, मुक्याचं, खाटेवरच्या म्हाताऱ्याचं मत आपण कसं गृहीत धरतो? त्याच्या वतीने आपणच बटण दाबून मोकळे होतो आणि वर बोटावरच्या शाईचा फोटो टाकतो. माणसाला मोजायचं पण विचारायचं नाही, हीच तर गठ्ठ्याची व्याख्या आहे.

घरी आलेली पेटी

गेल्या काही वर्षांतली मोठी सुधारणा म्हणजे घरबसल्या मतदान. २०१९ मध्ये नियम बदलले. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणि ८० वर्षांवरच्या ज्येष्ठांना टपाली मतपत्रिकेने घरून मत देता येऊ लागलं. मार्च २०२४ मध्ये ज्येष्ठांची वयोमर्यादा ८५ करण्यात आली. त्या वर्षीच्या लोकसभेला ही सोय पहिल्यांदाच देशभर मिळाली. डोंगर चढून, ओढे ओलांडून कर्मचारी एकेका मतदाराच्या दारात गेले. त्यांच्या कष्टांना माझा सलाम आहे.

पण कागदपत्रं बघा. यासाठी नमुना १२-ड भरावा लागतो आणि तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. अधिसूचना निघाली, हे खाटेवरच्या माणसाला कोण सांगणार? सांगितलं तर पाच दिवसांत अपंगत्वाचा दाखला कोण शोधणार? नाव एकदा या यादीत गेलं की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. आणि मतदानाच्या वेळी छोट्याशा खोलीत अधिकारी, पोलीस, व्हिडिओ काढणारा आणि दारात शेजारीपाजारी. मतपत्रिकेवर खूण करताना कॅमेरा वळवतात, पण घरचे डोळे कोण वळवणार?

मुळात यादीतच किती जण आहेत? २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यातले २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातले. त्या जनगणनेत अपंगत्वाचे प्रकार मोजकेच होते. २०१६च्या कायद्याने ते २१ केले. तरी २०२४च्या लोकसभेला मतदार यादीत अपंग म्हणून नोंद असलेले मतदार होते सुमारे ८८ लाख. लहान मुलं वजा केली, तरी हा आकडा जुळत नाही. उरलेले मतदार नाहीत असं नाही. त्यांची नोंद नाही, म्हणून त्यांच्यासाठी रॅम्प नाही, ब्रेल नाही, १२-ड घेऊन येणारा बीएलओ नाही. आपल्या मोहल्ल्यांत ही गोष्ट आणखी कठीण आहे, कारण मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून तिच्या भावाचं अपंगत्व लपवणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे दोष आयोगाचा नाही, आपला आहे.

मनोविकार किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची तर नावंच घातली जात नाहीत. ‘त्याला काय कळतं?’ एवढ्यावर निकाल. वास्तविक १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १६ सांगतं की, सक्षम न्यायालयाने ‘मनोविकल’ म्हणून जाहीर केलं असेल, तरच नाव वगळता येतं. न्यायालयाने. बापाने नाही, शेजाऱ्याने नाही, बीएलओने तर नाहीच. कुणाला किती कळतं, याची परीक्षा घ्यायची ठरवली, तर अनेक शहाण्यांची नावं कापावी लागतील.

आणि गावातल्या निवडणुकांचं काय? घरून मत देण्याचा नियम लोकसभा आणि विधानसभेपुरता आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग वेगळ्या कायद्यांखाली घेतो, तिथवर तो नियम पोचत नाही. म्हणजे दिल्लीत कोण बसणार, हे खाटेवरून ठरवता येतं. पण आपल्या गल्लीतली गटार कोण बांधणार, रस्त्याला उतार कोण काढणार, हे ठरवायला खाट उचलून न्यावी लागते. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुका व्हीव्हीपॅटशिवाय झाल्या, तेव्हा मामू हसून म्हणाले होते, “चला, या वेळी सगळेच माझ्या रांगेत आले.”

एका दिवसाचा उतार

आमच्या उर्दू शाळेतला तो फळ्यांचा उतार मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी निघाला. टेम्पोत घालून नेला. शाळेला पाच पायऱ्या आहेत, त्या तशाच राहिल्या. आमच्या मोहल्ल्यात पायांनी अधू असलेली एक मुलगी आहे. त्या पायऱ्यांमुळे तिची शाळा चौथीत सुटली. अठरा वर्षांची झाल्यावर एका दिवसासाठी तिला उतार मिळेल, मत द्यायला. वाचता न येणाऱ्या मतदाराला यादी वाचून दाखवायला मग पुन्हा सोबती लागेल.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, सुगमतेचे नियम केवळ शिफारसवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. मग मतदान केंद्र असलेल्या प्रत्येक शाळेला पक्का उतार बांधा. एकदाच खर्च होईल, आणि मतदान संपल्यावरही तो मुलांच्या उपयोगी पडेल.

राजकीय पक्षांकडून अपेक्षा ठेवावी की नाही, मला कळत नाही. भाषणांत ‘आंधळं सरकार’, ‘मुके-बहिरे प्रशासन’, ‘लंगडी आघाडी’ सर्रास चालतं. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने असे शब्द टाळण्याची सूचना पक्षांना दिली होती. सभा ऐकल्या तर ती कुणी वाचली असेल, असं वाटत नाही. आपण ‘अपंग’चं ‘दिव्यांग’ केलं. नावात दिव्यत्व आलं, जाहीरनाम्याची ब्रेल प्रत मात्र आली नाही, भाषणाशेजारी खाणाखुणांची भाषा सांगणारा दुभाषी आला नाही, आणि तिकीट तर दूरच. एक आठवण करून देतो. १९५३ मध्ये कोलकात्याच्या मतदारांनी साधन गुप्ता या दृष्टिहीन वकिलांना पोटनिवडणुकीत लोकसभेवर पाठवलं होतं. प्रजासत्ताक तेव्हा तीन वर्षांचं होतं. आंधळ्या माणसाला संसदेत पाठवण्याइतका समंजस असलेला देश सत्तर वर्षांनंतरही त्याला एकट्याने मत देऊ देत नाही.

हे अशक्य आहे, असं कुणी म्हणू नये. अमेरिकेत २००२च्या कायद्याने संघराज्याच्या निवडणुकांसाठी प्रत्येक मतदान केंद्रावर किमान एक असं यंत्र बंधनकारक केलं, ज्यावर दृष्टिहीन माणूस इतरांइतक्याच गुप्ततेने आणि स्वतंत्रपणे मत देऊ शकेल. ऑस्ट्रेलियात दृष्टिहीन मतदार दूरध्वनीवरून मत देतात. आपण तर अपंग हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर २००७ मध्येच शिक्का मारला आहे आणि त्याच्या कलम २९ मध्ये गुप्त मतदानाचा हक्क स्पष्ट लिहिला आहे.

मागण्या फार नाहीत. व्हीव्हीपॅटला आवाज द्या. ब्रेल पत्रिका नसेल, तर केंद्राची तयारी अपुरी धरा आणि त्याची जबाबदारी निश्चित करा. सोबती आत घेण्याआधी मतदाराला विचारणं सक्तीचं करा. १२-ड ची मुदत वाढवा आणि स्थानिक निवडणुकांनाही घरून मत देण्याची सोय द्या. शाळांचे उतार पक्के करा. यातली एकही गोष्ट दयेची नाही. कलम ११ ने ती आधीच देऊ केली आहे, आपण फक्त थकबाकी मागतो आहोत.

पुढच्या निवडणुकीला मामूंना मीच घेऊन जाणार आहे. ते पुन्हा पाठ फिरवायला सांगतील आणि मी फिरवीन, कारण मत त्यांचं आहे. तेव्हा तरी ‘चिठ्ठीवर काय आलं?’ हे त्यांना मला विचारावं लागू नये.